वाळवंटात गोठलेलं पाणी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल.’ मी म्हटलं, त्यावर बोलणारे तुम्हाला गल्लोगल्ली मिळतील. मी नळाच्या पाइपावर बोलते. ते हसले, पण हो म्हणाले. काल संध्याकाळी गप्पा मारताना मी मोजलं. आपल्या एका तुकडीतल्या अकरा जणांची मुलं किंवा भावंडं अमेरिकेत आहेत, आणि त्यातल्या पाच जणांचे आईवडील दर हिवाळ्यात तिकडे राहून येतात. पोरं दिवसभर ऑफिसात, नातवंडं शाळेत, घरात दोन म्हातारी माणसं. हे बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी राहते अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात. सोनोरन वाळवंट. कोपरापासून नमस्कार करणाऱ्या माणसासारखे हात वर केलेले ते उंच निवडुंग तुम्ही सिनेमात पाहिले असतील, ते सग्वारो आमच्या अंगणात आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास नेहमीचाच, आणि १९९० च्या जूनमध्ये तो ४७ च्या वर गेला होता. अशा गावात पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतो असं सांगितलं तर माणसं थट्टा समजतात. तिथे नव्याने आलेली आपली मंडळी तर हमखास.

आपण निफाडकडची माणसं. आपल्याला खरं तर हे पटकन कळायला हवं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, आणि हेच निफाड मे महिन्यात चाळिशीला टेकतं. कोरडी हवा, निरभ्र आकाश, वारा पडलेला, की जमीन दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री भराभर सोडून देते. ढग आणि दमटपणा हे आपलं पांघरूण, आणि वाळवंटात पांघरूणच नाही. दिवसा अंगात टी-शर्ट आणि पहाटे गाडीच्या काचेवर हिमाचा थर, हे टूसॉनला जानेवारीत होतं. थंड हवा जड असते म्हणून ती उताराने सखल भागात जाऊन साचते. त्यामुळे विमानतळावरच्या तापमानावर विसंबू नये, ओढ्याकाठच्या वस्तीत ते चार-पाच अंशांनी कमी असू शकतं.

आता पाइप फुटतो कसा? पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण ९ टक्के फुगतं, हे आपण नववीत शिकलो. पण बर्फ फुगलं आणि त्या जागी पाइप फाटला इतकं ते सरळ नसतं. पाइपात एका जागी बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढताना पुढचं पाणी नळाकडे ढकलत राहतो. नळ बंद. पाण्याला जायला जागा नाही, आणि पाणी तर दाबलं जात नाही. दाब कित्येक पटींनी वाढतो आणि जिथे कमजोर जागा असेल तिथे पाइप फाटतो. पुष्कळदा तिथे बर्फ नसतंच. म्हणून रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवतात. पाणी वाहतं राहिलं की गोठायला वेळ लागतो हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाबाला वाट मिळते. त्यामुळे बोळा झाला तरी पाइप वाचतो.

इलिनॉय विद्यापीठाच्या इमारत संशोधन विभागाने यावर प्रयोग केले होते. माळ्यावरच्या, काहीही न गुंडाळलेल्या पाइपांना बाहेरची हवा २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या आसपास आली की धोका सुरू होतो, असं त्यातून निघालं. वारा लागत असेल तर त्याच्या आधीही.

मग मिनेसोटामध्ये पारा उणे तीसवर जातो तिथे घराघरात पाइप का फुटत नाहीत? फुटतात, पण त्यांची घरंच थंडीसाठी बांधलेली असतात. पाण्याची लाइन माणसाच्या कमरेपेक्षा खोल, घरात तळघर, पाइप सगळे उबेच्या बाजूला. आमच्याकडे घर बांधताना डोक्यात उन्हाळा असतो. लाइन जमिनीत वीतभर-हातभर खाली येते, घराजवळ उघड्यावर वर निघते, तिथेच मेन व्हॉल्व्ह, आणि मग भिंतीत शिरते. बागेच्या पाण्याचा पितळी व्हॉल्व्ह उघड्यावर. गच्चीवरच्या कूलरला जाणारी तांब्याची नळी करंगळीपेक्षा बारीक, भिंतीवरून थेट छतापर्यंत, उघडी. काही घरांत पाइप माळ्यावरून फिरवलेले, आणि उन्हाळ्यात माळा तापू नये म्हणून त्याला वारा यायला झरोके ठेवलेले. उन्हाळ्याची सगळी सोय हिवाळ्याच्या त्या एका रात्री वैरी होते. आमच्या कामात अशा गोष्टीला फार मान असतो. जी परिस्थिती दहा वर्षांत एकदा येते, तिच्यासाठी कोड कुणी लिहीत नाही, आणि ती नेमकी रविवारी पहाटे येते.

टूसॉनला ती आली २०११ च्या फेब्रुवारीत. ३ तारखेला पहाटे पारा १८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ८ पर्यंत उतरला. त्यात भर म्हणजे न्यू मेक्सिको आणि टेक्सासकडे त्याच थंडीने गॅसच्या विहिरी गोठल्या, वीज गेली, पाइपलाइनमधला दाब घसरला आणि टूसॉन व सिएरा व्हिस्टातल्या हजारो घरांचा गॅस बंद झाला. म्हणजे हीटरही नाही. घर थंड, म्हणून भिंतीतले पाइपही थंड. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये टेक्सासने हेच फार मोठ्या प्रमाणावर भोगलं. तिथे विजेविना राहिलेली घरं लाखांत होती.

त्या वर्षी माझे आईवडील आमच्याकडे होते. अण्णांनी द्राक्षबाग भावाच्या हवाली केली होती, आणि बागेच्या ऐन हंगामात आपण इथे रिकामे बसलोय याचा त्यांना राग होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, ‘पोरी, मेन कॉक कुठाय?’ मी दाखवला. मग रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीचं झाकण उघडून तोही पाहिला. त्या पेटीत कोळी आणि विंचू असतात, म्हणून त्यांना हातमोजे घालायला लावले, तेव्हा म्हणाले, ‘विंचू काय मला नवीन आहे का?’

थंडीचा इशारा आला तसे गल्लीतले लोक लिंबा-संत्र्याच्या झाडांवर जुन्या चादरी टाकू लागले. निवडुंगाच्या शेंड्यांवर थर्माकोलचे चहाचे कप उपडे घालतात, वाढता कोंब जळू नये म्हणून. अण्णांना ते फार आवडलं. आपल्याकडे थंडीत मणी तडकतात म्हणून बागेत शेकोट्या करतात, पहाटे ठिबक चालू ठेवतात, तसंच हे. विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं, जमिनीची ऊब घेऊन येतं, हे त्यांना सांगायला पुस्तक लागलं नव्हतं. त्यांनी आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवरच्या उघड्या पाइपाला आईची गोधडी गुंडाळली, वरून प्लास्टिक, वरून सुतळी. आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. लेकीकडे न्यायला तिने ती स्वतः शिवली होती.

आमचा पाइप वाचला. फुटला शेजारच्या आजींचा.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. पाइप रात्री फाटतो, पण पाणी रात्री येत नाही. बर्फाचा बोळा बुचासारखा बसलेला असतो. ऊन चढतं, बोळा सुटतो आणि सकाळी नऊ-दहा वाजता पाणी उसळतं. तोवर कामाला जाणारी माणसं निघून गेलेली असतात. शुक्रवारी सकाळी तसंच झालं. मी ऑफिसात, नवरा ऑफिसात. आजी एकट्या, ऐंशीच्या जवळ आलेल्या. त्यांच्या माळ्यावरचा तांब्याचा पाइप हातभर लांब उभा फाटला होता. अण्णांना अंगणातून नुसता ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. ठिबकची लाइन फुटल्यावर येतो तो आवाज त्यांच्या कानात बसलेला. ते तिच्या दारात गेले. त्यांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. आतल्या खोलीचं छत पाण्याने फुगून खाली आलं होतं. तिकडे छत जिप्समच्या पत्र्यासारख्या फळ्यांचं असतं, पाणी प्यायलं की ती फळी पुठ्ठ्यासारखी लोंबते आणि पडते.

तिचा मेन व्हॉल्व्ह जाम होता. टूसॉनचं पाणी जड, क्षार साचून न वापरलेले व्हॉल्व्ह दगड होतात. अण्णांनी त्याच्याशी झटापट केली नाही. जोर लावला तर दांडा तुटतो. ते सरळ रस्त्यावर गेले, मीटरची पेटी उघडली आणि आमच्या गॅरेजमधल्या पान्याने मीटरचा कॉक बंद केला. तो चौथाई वळसा फिरतो. काम अर्ध्या मिनिटाचं. त्या आधी आजी पलंगाच्या बाजूला उभ्या होत्या आणि हलत नव्हत्या. आईने त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणलं, चहा पाजला. छताचा दुसरा तुकडा वीस मिनिटांनी पलंगावर पडला.

प्लंबर मिळाला पाच दिवसांनी. सगळ्या गावाचे पाइप एकाच सकाळी फुटले तर तो तरी काय करणार? दुकानातल्या कपलिंगा संपल्या होत्या. संध्याकाळी माझा नवरा टॉर्च घेऊन माळ्यावर चढला, अण्णा खालून सूचना देत होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा फाटलेल्या भागावर ताणून गुंडाळला आणि त्यावर बोटाबोटाच्या अंतरावर क्लॅम्प आवळले. मीटरचा कॉक अर्धाच उघडला. ते जोडकाम पाच दिवस टिकलं. पक्की दुरुस्ती मात्र वेगळी असते. फाटलेला भाग तर कापायचाच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पाइप फुगलेला असतो, तोही कापावा लागतो. फुगलेल्या तोंडावर कपलिंग बसत नाही. बसवलं तरी पुढच्या हिवाळ्यात तिथूनच गळतं. आता नव्या घरांत पेक्सचे प्लास्टिकचे पाइप असतात, ते थोडे ताणतात आणि पुष्कळदा वाचतात. त्यांचे जॉइंट तेवढे तडकतात.

तर तुमच्या आईवडिलांना काय सांगाल? आधी दोन ठिकाणं दाखवा, घराचा मेन व्हॉल्व्ह आणि रस्त्याकडेचा मीटर. पान्यासकट दाखवा, आणि त्यांच्या हातून एकदा फिरवून घ्या. सुट्टीत दोनदा फिरवला की तो जाम होत नाही. इशारा आला की बागेतला होजपाइप नळापासून सोडवून ठेवायचा. बाहेरच्या भिंतीकडचा एक नळ बारीक धारेने चालू ठेवायचा आणि खाली बादली लावायची. वाळवंटात पाणी वाया घालवताना जीव खालीवर होतो, बादलीने तो शांत राहतो. सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची म्हणजे खोलीची ऊब पाइपाला लागते. कूलरची नळी दिवाळीच्या सुमाराला रिकामी करून टाकायची.

पाइपाला फोमची नळी बसवा, पण ती उघड्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत भुगा होते. वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप लावा. आणि फोम काही ऊब तयार करत नाही, तो फक्त उशीर करतो. मिनेसोटात उशिराचा उपयोग कमी, थंडी आठवडाभर बसून असते. आमच्याकडे गोठवणारी वेळ पहाटेचे चार-पाच तास, तेवढा उशीर बहुतेक वेळा पुरतो. या बाबतीत वाळवंट दयाळू आहे.

सकाळी नळाला पाणी आलं नाही, तर तो गोठलाय असं धरा. आधी नळ उघडा. मग केस वाळवायच्या ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. एक माणूस मेन व्हॉल्व्हपाशी उभा. गॅसची शेगडी, बर्नर, पेटता बोळा, काही नाही. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची असतात, आणि दोन्हीकडून बंद पाइपात वाफ झाली तर पाइप हातात फुटतो.

भारतात यायला महिनाभर घर बंद करत असाल तर मेन बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा. विमा कंपन्या अचानक फुटलेल्या पाइपाच्या नुकसानीचे पैसे साधारणपणे देतात, पण घर थंड आणि बेवारस सोडलं होतं असं दिसलं तर हात आखडतात. पॉलिसी काढून तेवढं कलम वाचा.

लेहला पोस्टिंगवर असलेल्या आपल्या वर्गमित्राने मघाशी सांगितलं की तिथे हिवाळ्यात नळच बंद असतात आणि टँकर येतो. त्याच्यापुढे माझं उणे आठ म्हणजे काहीच नाही, हे मला मान्य आहे.

पान्याचे दोन नमुने मी सोबत आणलेत, मागच्या टेबलावर ठेवलेत. चहाच्या वेळी ज्यांना बघायचे आहेत त्यांनी जरूर या. अण्णाही आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. ट्यूब किती ताणायची ते त्यांनाच विचारा.