त्रैराशिकात न बसणारे औषध



मी वाणिज्य शाखेचा. तरीही हिशेबाचीच एक चूक सांगतो. वैजापूरकडील एका तरुणाला अपस्माराचा झटका पुन्हा आला, म्हणून घरच्यांनी फेनिटॉइनच्या ३ गोळ्यांच्या ४ केल्या. काही दिवसांत त्याचा तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, बुबुळे थरथरू लागली. गावाने दारूचा संशय घेतला.

येथे त्रैराशिक चालत नाही. यकृताची हे औषध पचविण्याची शक्ती मर्यादित असते. ती मर्यादा गाठल्यावर १०० मिलिग्रॅमच्या एका जादा गोळीने रक्तातील प्रमाण दुप्पटही होऊ शकते. उपचारास योग्य प्रमाण मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. क्षयावरील आयसोनियाझिडनेही ते वाढते. यावर खास उतारा नाही, आणि घाबरून औषध एकदम तोडले तर झटके उलटतात.

ही रक्ततपासणी गरजूंना विनामूल्य मिळावी, असा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे ठेवीत आहे.

तो तरुण सावरला. मूळ झटका २ दिवस गोळ्या चुकल्याने आला होता, हे मागाहून कळले. पाकीट संपले होते आणि आठवडी बाजाराला अवकाश होता.