आजोबांच्या जीपची गळकी टाकी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "जीपचं काय झालं रे?" तर आजचा पूर्ण भाग तिच्यावरच. हेडफोन लावा, आणि घरात जुनी गाडी असेल तर बाबांनाही ऐकायला बसवा.

आधी थोडी ओळख. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सावलीकडे. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गावाला येतो ते मे महिन्यात आणि दिवाळीत. घरी गोठ्याच्या बाजूला आजोबांची महिंद्राची जीप उभी असते. सीजे-थ्री-बी, १९७२ ची, पेट्रोलवाली. बोनेट उंच दिसतं ना, त्यामागे कारण आहे. हे हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, ते बसावं म्हणून विलीज कंपनीने १९५३ मध्ये बोनेटच वर घेतलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं.

आमच्या भागात जीप ही हौस नव्हती, गरज होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी पार भामरागडपर्यंत सगळा चंद्रपूर जिल्हाच. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटायचा. आजोबांनी या जीपमधून धानाची पोती नेली, वऱ्हाड नेलं आणि रात्री-बेरात्री बाळंतिणींना दवाखान्यात पोचवलं. म्हणून बाबा ती विकत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. या मे महिन्यात ताईची मुलगी जीपमध्ये बसली की तिला उलटी व्हायची. बाबा म्हणाले, "लहान पोरगी आहे, गाडी लागते." मी एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि मलाच गरगरलं. पेट्रोलचा वास! या जीपची टाकी असते ड्रायव्हरच्या सीटखाली. म्हणजे तुम्ही अक्षरशः पेट्रोलवर बसलेले असता. सीट उचलली, हात फिरवला, बोटं ओली.

आणि बाबांची सवय काय, तर स्टेअरिंगवर बसून बिडी पेटवायची. किती दिवस हे असं चाललं होतं, देव जाणे. त्या दिवशी मी किल्ली खिशात टाकली ती टाकलीच.

बाबांचा उपाय तयार होता. साबण. गंमत नाही करत आहे. बारीक छिद्रावर अंगाचा साबण घासला की पेट्रोल थांबतं, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जंगलात अडकलात तर घर गाठायला चालेल. पण हा घरी पोचायचा उपाय आहे, दुरुस्ती नाही. आमच्या टाकीवर आधीच दोन ठिकाणी पुट्टी होती. म्हणजे पॅचवर पॅच. आमच्या ऑफिसातला कोडच जणू.

मग मी टाकी काढली. आणि इथे मी काय चूक करणार होतो ते नीट ऐका.

टाकी रिकामी केली. सर्फच्या पाण्याने तीनदा धुतली. दोन दिवस उन्हात ठेवली. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन! मला वाटलं, आता आत काय उरणार? मोटारसायकलला बांधून वेल्डिंगच्या दुकानात नेली. तिथले मिस्त्रीकाका साठीच्या पुढचे. त्यांनी झाकण उघडलं, नाक लावलं आणि टाकी माझ्याकडे परत सरकवली.

"हे नाही होत गा माझ्याच्यानं."

मी म्हटलं, "काका, धुतली आहे ना. रिकामी आहे."

त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण. म्हणाले, "तेही रिकामीच होती. भरली टाकी परवडली बाप्पा, रिकामी नको."

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा त्यातलं विज्ञान कळलं. द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीसुद्धा हवेत ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर. साधारण दीड ते साडेसात टक्के. भरलेल्या टाकीत हवाच कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र हवाही असते आणि वाफही. ही वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटू शकते, मग आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांची बात सोडा. शिवाय पत्र्याच्या दुमडीत, सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली पेट्रोल मुरून बसतं. धुऊन ते निघत नाही, पण वेल्डिंगची आच लागली की बाहेर येतं. काकांनी नाही म्हटलं नसतं तर आज हा भाग रेकॉर्ड करायला मी नसतो. ही टाळ्या मिळवायची गोष्ट नाही, म्हणून दोनदा सांगतो: पेट्रोलच्या जुन्या टाकीवर घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात वेल्डिंग करायचं नाही. बदलायची.

तर बदलायची कशी? मी केलं त्या क्रमाने सांगतो.

गाडी उघड्यावर, सावलीत. गोठ्यात नाही, कारण वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवर साचते आणि चूल कुठे आहे ते शोधत जाते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढायची. शेजारी आग विझवायचं पावडरचं सिलिंडर. पेट्रोल हातपंपाने लोखंडी कॅनमध्ये. तोंडाने नळी ओढायची नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या नाहीत. आणि ते जुनं पेट्रोल नाल्यात ओतायचं नाही, त्याच नाल्यावर गुरं पाणी पितात.

मग सीट, इंधनाची नळी, फ्लोटची वायर, टाकीचे बोल्ट. बोल्ट गंजलेले असतात. तेल मारून रात्रभर ठेवा, ग्राइंडर लावू नका. ठिणगी पडते.

टाकी बाहेर आली आणि खरं कारण दिसलं. टाकी बसते त्या ठिकाणी पत्र्याला खोलगट जागा आहे. तिथे साचलेलं पाणी निघून जायला एक भोक असतं. आमच्याकडे त्यात चिखल, धानाचा कोंडा आणि पालापाचोळा घट्ट बसला होता. टाकीखाली तरटाचा जाड तुकडा. म्हणजे प्रत्येक पावसाळ्यात ते डबकं, वर ओलं तरट आणि त्यावर टाकी. ती बाहेरून, खालून कुजली होती. साबण आणि पुट्टी लावून आपण काय करत होतो? लक्षणं दाबत होतो. रोग त्या बुजलेल्या भोकात होता.

आतही गंज होताच. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत एथेनॉल. एथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी रोज चालत असेल तर फार फरक नाही, पण आमच्या जीपसारखी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी तळाशी उतरतं आणि पत्रा खातं. जुन्या रबरी नळ्यांनाही एथेनॉल मानवत नाही. आमची नळी बोटांनी दाबली तर च्युइंगमसारखी लागली.

नवी टाकी नागपूरहून आणली, जुन्या मापाची. बसवण्याआधी तपासली: सगळी तोंडं बंद केली, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही म्हणजे पास. हे फक्त कोऱ्या टाकीवर, आणि कॉम्प्रेसर तर अजिबात नाही, टाकी फुगून फाटते. भोक मोकळं केलं, खोलगट जागा घासून रंगवली, तरटाऐवजी रबराच्या पट्ट्या लावल्या म्हणजे पाणी धरून राहणार नाही. एथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या, नवा फिल्टर, कार्बोरेटर साफ.

सगळं झालं, बॅटरी जोडली, आणि पेट्रोलचा काटा हलेना! एक बग काढला की दुसरा हजर. झालं काय होतं, काट्याच्या फ्लोटला अर्थिंग मिळतं टाकीच्या पत्र्यातून. मी तर रंग आणि रबर लावून टाकी गाडीपासून तोडूनच टाकली होती. टाकीपासून चासीपर्यंत एक वायर जोडली, काटा जागा झाला. ही वायर पेट्रोल भरण्याआधी जोडा. भरताना तयार होणारी स्थिर वीजही तिच्यातूनच उतरते.

सगळा खर्च माझ्या पुण्यातल्या महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी.

एक प्रश्न नेहमी येतो: "पन्नास वर्षं झाली, व्हिंटेज नोंदणी कर ना." २०२१ पासून तशी सोय आहे. नंबरात व्हीए येतं, दहा वर्षं चालतं. पण मग गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. धानाची पोती नाही नेता येत. बाबा म्हणाले, "तिला शोकेसमध्ये ठेवायचं असतं तर बापानं घेतलीच नसती." दर पाच वर्षांनी पासिंग करून साधी नोंदणीच चालू ठेवली आहे.

आधी पाच लिटरच भरलं. रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडाच. बाबा सीटवर बसले, दोनदा नाक ओढून वास घेतला. सवयीने कानावरची बिडी काढली, माझ्याकडे बघितलं, आणि खाली उतरून बांधापर्यंत चालत जाऊन पेटवली. भाची मागे बसली. मूलपर्यंत गेलो आणि आलो. उलटी नाही.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर पाऊस लागायच्या आधी एवढंच करा: सीट उचला, खालून हात फिरवा, आणि पाणी जायचं भोक मोकळं आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा.

भेटू पुढच्या भागात. चला, येतो!