बालवाडीची सहल: बस नको, दोरी हवी
(मिशनच्या जून मेळाव्यात आपल्या एका बालवाडीच्या ताईंनी केलेले भाषण)



लहान मुलांच्या सहलींवर बोल, असं सिस्टरांनी सांगितलं. आधी माझी चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी एका दात्यांनी बालवाडीच्या सहलीसाठी बसचे पैसे दिले. जव्हारच्या पलीकडच्या आमच्या पाड्यावरून थेट मुंबई! जानेवारी ठरला, कारण शाळांच्या सहली तेव्हाच निघतात. पहाटे चारला मुलांना उठवलं. घाटातच निम्म्यांना उलट्या सुरू झाल्या. मुंबईच्या एका मोठ्या बागेत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं आणि पिंजऱ्यांपुढे ही गर्दी. चार वर्षांच्या मुलाला त्यातून काय दिसणार? मोठ्या माणसांच्या पाठी.

आणि मोजलं तर एक मूल कमी. पंधरा मिनिटांनी ते पाण्याच्या नळाजवळ सापडलं. एका फुगेवाल्याने त्याचा हात धरून ठेवला होता. मूल बोलत होतं, पण त्याची बोली तिथे कोणालाच कळत नव्हती. त्या पंधरा मिनिटांत मी कोणती प्रार्थना केली, मला आठवत नाही. त्याच्या आईला मी त्याच रात्री सांगितलं. पण आपल्या या पत्रिकेला पाठवलेल्या वृत्तांतात मी एवढंच लिहिलं, की मुलांनी खूप आनंद लुटला. ते वाक्य आज मागे घेते. दाते समोरच बसले आहेत, त्यांची क्षमा मागते.

यापेक्षाही मोठी चूक मला नंतर कळली. पटावर नावं होती २६, बसमध्ये मुलं १२. बाकीची दिवाळीनंतरच आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेली होती, भिवंडीकडे, वसईकडे. ज्यांच्या घरात सगळ्यांत कमी, नेमकी त्यांचीच मुलं राहिली. भट्टीवरून परतलेली एक आई मला म्हणाली, "आमची पोरं नव्हती तेव्हाच नेलं ना?" रागावली नव्हती ती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमच्या सहली जून ते दिवाळी. म्हणजे ऐन पावसात! पालक म्हणाले, ताईला वेड लागलं. पण मुलं पाड्यावर असतात तीच ही पाच महिने. आणि सहल म्हणजे किती? दीड तास, चालत, घरं नजरेआड होणार नाहीत इतक्याच अंतरावर. एकाच जागी तीन-तीनदा जातो. जुलैत ज्या खाचरात आवणी पाहिली, तिथेच ऑक्टोबरात लोंब्या पाहायच्या. पहिल्या खेपेला मुलं नुसती चिखलात नाचतात, तिसऱ्या खेपेला प्रश्न विचारतात.

ही कल्पना माझी नाही. कोसबाड आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. प्रशिक्षणात हे मी पाठ केलं होतं. पटलं मात्र नाल्याकाठी.

आमच्याकडे एक मुलगी होती, कातकरी घरातली. वर्गात वर्षभर एक शब्द नाही. मी मनात 'मंद' असा शिक्का मारून मोकळी झाले होते. एका श्रावणातल्या सकाळी बांधाच्या कडेला खेकडा दिसला. मी समोरून हात घातला आणि त्याने नांगीत बोट पकडलं. मी ओरडले, मुलं हसली. ही पुढे आली, पाठीमागून दोन बोटांत खेकडा उचलला आणि मला तिच्या बोलीत समजावू लागली, असा धर, मागून धर. मग नर कोणता, मादी कोणती, तेही पोटाकडची बाजू दाखवून. मी शिकवायला गेले होते! वर्गातली तिची गप्पी मुख्यतः भाषेमुळे होती, हे त्या दिवशी कळलं. आता वर्गात मी तिच्या बोलीतले शब्द आधी वापरते, पुस्तकातले मागाहून.

तायांनो, कामाचं तेवढं सांगते. एका लांब दोरीला हातभर अंतरावर गाठी मारा, प्रत्येक मुलाच्या हातात एक गाठ. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पुढे काठी घेतलेली गावातली जाणती आजी. निघताना, थांबल्यावर आणि परतताना मोठ्याने मोजा. डोंगरावर काळं दिसलं तर नाल्याकडे अजिबात जाऊ नका. इथे ऊन असलं तरी वरचं पाणी घटकाभरात खाली येतं. परतीच्या पावसात दुपारी विजा पडतात, म्हणून अकराच्या आत घरी. उकळलेलं पाणी बरोबर घ्या. साप चावला तर बांधणं, कापणं, भगताकडे जाणं काही नको. अवयव हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय.

आता हितचिंतकांना एक विनंती. यंदाही बसचे पैसे येणार आहेत असं कळलं. मनापासून आभार, पण बस नको. २६ रेनकोट द्या. आणि पाच महिन्यांसाठी एका मदतनीस बाईचं मानधन द्या, कारण सहलीला माणसं कमी पडतात आणि मजुरी बुडवून आयांनी किती यायचं? या खर्चाचा फोटो चांगला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पावसात भिजलेली मुलं सगळी सारखीच दिसतात.

पहिला पाऊस झाला आहे, शेवळं उगवली आहेत. परवा आम्ही ती पाहायला निघतोय. ज्यांना यायचं आहे त्यांनी साडेआठला बालवाडीत यावं. पायात बूट हवेत. दोरीला तीन गाठी मोकळ्या आहेत.