भिंतींचा ताप



इंग्लंडांतील हिंवाळ्याची एक रात्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. एकाच ओळींत, एकाच घडणीचीं दोन घरें उभीं आहेत. रस्त्यावर एक तंत्रज्ञ कॅमेरा धरून त्यांचें चित्र घेत आहे. चित्रांत एक घर पिवळेंधमक दिसतें, दुसरें निळेंशार. या दोहोंपैकीं चांगलें घर कोणतें? उत्तर देण्यापूर्वीं या कॅमेऱ्याची ओळख करून घेऊं.

१८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें इंग्लंडांत सूर्यकिरण लोलकांतून नेले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना उजेड मुळींच दिसत नाहीं, तेथें उष्णतामापक ठेवला. तेथेंहि तपमान चढलें! ते अदृश्य किरण म्हणजेच अवरक्त किरण. केवळ सूर्यच नव्हे, तर विटा, कौलें, आपला हात, हीं सर्व असे किरण सोडीत असतात. वस्तु जितकी उष्ण, तितके ते प्रखर. हा कॅमेरा ते किरण टिपतो आणि आपल्याला दिसतील असे रंग त्यांस देतो. बहुधा उष्ण भाग पिवळा, थंड भाग निळा.

थंड देशांत घर ऊबदार ठेवण्यास इंधन लागतें, आणि त्या इंधनाची उष्णता छपरांतून, भिंतींतून, दारांच्या फटींतून अहोरात्र निसटत असते. कोठून निसटते, हें चित्र सांगतें. छपराखालचा रोधक थर जेथें सरकला असेल, तेथें बाहेरून पिवळा डाग दिसतो. आंतून पाहिल्यास तीच जागा थंड दिसते. मात्र पाहणी सूर्यास्तानंतर कांहीं तासांनीं करावी, घराच्या आंत-बाहेर निदान १० अंशांचा फरक असावा, आणि भिंती कोरड्या असाव्यात. दिवसभर उन्हांत तापलेली भिंत रात्रीं खोटी साक्ष देते.

दिसतें तसें नसतें, ही म्हण येथें पदोपदीं आठवते. खिडकीच्या कांचेंत निरभ्र, थंड आकाशाचें प्रतिबिंब पडलें, तर उष्णता गमावणारी खिडकीहि निर्दोष भासते. चकचकीत धातूहि असाच फसवितो. शिवाय रंग म्हणजे मोजमाप नव्हे. रंगांची पट्टी अरुंद केली, कीं एका अंशाचा फरकहि आग लागल्यासारखा दिसतो.

आतां त्या दोन घरांकडे वळूं. निळ्या घराच्या भिंती उत्तम असतील. पण असेंहि असेल, कीं आंत एखादी वृद्धा इंधनाचें बिल परवडत नाहीं म्हणून हीटर बंद ठेवून, कांबळें पांघरून बसली आहे. भिंतींतून उष्णता बाहेर येत नाहीं, कारण ती आंत मुळीं नाहींच! थंडीच्या दिवसांत घरांत निदान १८ अंश सेल्सिअस तपमान असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सुचविलें आहे. केवळ चित्र पाहून दुरुस्तीची यादी केली, तर त्या वृद्धेचें नांव तींतून गळेल. आणि मदतीची खरी गरज तर तिलाच आहे.

म्हणून चांगला तंत्रज्ञ चित्र घेऊन थांबत नाहीं. तो दार ठोठावतो, आंत जातो, तपमान मोजतो आणि घरच्या माणसांची विचारपूस करतो. यंत्र भिंतीचा ताप सांगतें. घराचें दुखणें माणसालाच विचारावें लागतें.