काळ्या पाण्यावरचे पूर्वज

बीड जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या वाड्यांत वंशावळीचा कागद उलगडला, म्हणजे क्वचित् एका शाखेपाशीं वाचणाऱ्याचें बोट थांबतें. भावांचीं नांवें आहेत, त्यांची संतति आहे. एकापुढें मात्र 'गेला' एवढाच शब्द आणि खालीं कोरी जागा. वारला असता तर तिथि लिहिली गेली असती. काळ्या पाण्यावर गेलेल्याची तिथि कोण कळविणार? त्याच्या बायकोनें कुंकू ठेवावें कीं पुसावें, हेंहि ठरत नसे. मग घरानें मौन धरिलें आणि पुढच्या पिढीला तें नांवहि कळलें नाहीं.

अशी कोरी जागा केवळ आपल्याकडेच आहे असें नव्हे. इंग्लंडनें १७१८ सालीं कायदा करून आपले कैदी अमेरिकेंतील वसाहतींत धाडण्यास आरंभ केला. १७७५ पर्यंत सुमारें ५०,००० माणसें तिकडे गेलीं. त्यांतील बहुतेकांच्या नशिबीं व्हर्जिनिया आणि मेरिलँड येथील मळ्यांतील वेठ आली. त्यांच्या वंशजांनीं ही गोष्ट पुष्कळ काळ झांकून ठेविली. आज तेच वंशज ओल्ड बेली न्यायालयाचे खटले आणि जहाजांच्या याद्या चाळून पूर्वजांचा माग काढतात.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८८ पासून कैदी ऑस्ट्रेलियांत जाऊं लागले. हीच रीत कंपनी सरकारनें हिंदुस्थानांत चालविली. पिनांग, सिंगापूर, मॉरिशस येथील रस्ते हिंदी कैद्यांनीं बांधले. १८३६ सालीं मॉरिशसला उतरलेल्या डार्विननें तेथें असे सुमारें ८०० कैदी असल्याचें नमूद केलें आहे. पुढें १० मार्च १८५८ रोजीं डॉक्टर वॉकर २०० कैदी घेऊन अंदमानांत उतरला, आणि काळें पाणी म्हणजे अंदमान असा अर्थ रूढ झाला.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. परंतु ही लाट येथेंहि पोंचली. १७ जुलै १८५७ रोजीं हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्यांतील मौलवी अल्लाउद्दीन अंदमानांत गेले. मराठवाड्यांतील पटवारी रंगराव पागे यांची फांशी बदलून त्यांनाहि तेथेंच पाठविण्यांत आलें आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. हीं नांवें इतिहासांत राहिलीं. सामान्य कैद्याचें नांव मात्र शोधावें लागतें.

शोध करणाऱ्यानें आधीं कैद्याचें नांव, बापाचें नांव, गांव आणि शिक्षेचें साल जुळवावें. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांववार नांवें सांपडतात. गांवचें दप्तर मोडींत, तर निजामाचें फारसी-उर्दूंत. त्याचा मोठा भाग हैदराबादच्या अभिलेखागारांत आहे. माणूस शेजारच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी हद्दींत, पकडला गेला असेल तर मुंबईचें दप्तर पाहावें. अंदमानविषयींचे सरकारी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. पोर्ट ब्लेअरचें पुष्कळसें दप्तर मात्र १९४२ ते १९४५ या जपानी अमलांत नष्ट झालें.

तेथें कैद्याच्या गळ्यांत लांकडी बिल्ला असे. त्यावर क्रमांक, कलम आणि शिक्षेची तारीख. कांहीं वर्षांच्या कष्टानंतर चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यास शेती करण्याची व स्त्री-कैद्याशीं लग्न करण्याची मोकळीक मिळे. त्यांची संतति हिंदुस्थानी बोलूं लागली. जात व प्रांत यांच्या भिंती तेथें ढांसळल्या. म्हणून कागदावरचा मराठी कैदी सांपडला, तरी त्याचें आडनांव नातवंडांत सांपडेलच असें नाहीं.

या शोधांत दोन मोह टाळावे लागतात. एक लपविण्याचा, दुसरा प्रत्येक कैद्याला देशभक्त ठरविण्याचा. कोणी बंडांत होता, कोणी दुष्काळांत दरोडा घातला, कोणी खरोखरच खून केला. निकालाचा कागदहि सरकारचीच बाजू सांगतो, म्हणून तोहि पारखून घ्यावा. जें निघेल तें घरानें शांतपणें स्वीकारावें. पूर्वजाचा गुन्हा वंशजाच्या कपाळीं येत नाहीं.

ज्यांची मृत्युतिथि ठाऊक नाहीं, त्यांना सर्वपित्री अमावास्येला पाणी देण्याची आपली रीत आहे. त्या दिवशीं अनामिकाऐवजीं एक नांव उच्चारतां आलें आणि वंशावळींतील 'गेला' या शब्दापुढें गांव व साल लिहितां आलें, तरी दीडशें वर्षांपूर्वीं उंबरठा ओलांडलेला एक माणूस घरीं परतला असें होईल.