बालमंदिरातील निरीक्षण वही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षात संस्थेच्या इमारती, निधी व उपक्रम यांविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते उचितच आहे. मी मात्र आज एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे बालमंदिराच्या शिक्षिकेच्या हातातील साधी दोनशे पानी वही. मी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी आहे. परंतु ज्या व्यवहाराची नोंद नाही त्याचा हिशेब मांडता येत नाही, एवढे आमचा धंदा प्रत्येकाला शिकवतो.

हा विषय निवडण्यास कारण आहे. येत्या जूनपासून बालमंदिरातील लेखी चाचण्या, गुण आणि पहिला-दुसरा क्रमांक बंद करावेत व त्याऐवजी प्रत्येक बालकाची निरीक्षण वही ठेवावी, असा प्रस्ताव शिक्षिकांनी आपल्यापुढे ठेवला आहे. काही पालकांचा त्यास विरोध आहे. "गुणच नसतील तर आमचे मूल शिकते आहे हे आम्हाला कळणार कसे?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तरही पूर्ण विचाराने दिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घेऊ, की मुलाकडे पाहून टिपून ठेवण्याची कल्पना नवी नाही. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या बाल्यावस्थेत एक टिपणवही ठेवली होती. तो कशाने दचकला, कधी रागावला, केव्हा हसला, हे सारे त्यांनी तारखेनिशी लिहिले. सुमारे ३७ वर्षांनी, १८७७ मध्ये, त्या वहीच्या आधारे त्यांनी एका बालकाच्या विकासावरील लेख प्रसिद्ध केला. पुढे ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन अपत्यांचे असेच बारकाईने निरीक्षण केले आणि मुलांच्या विचारप्रक्रियेविषयीचे त्यांचे सिद्धांत बऱ्याच अंशी त्या नोंदींवर उभे राहिले.

डॉ. मारिया मॉन्टेसरी या मूळच्या वैद्यक क्षेत्रातील. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्या त्यांच्या खोबणीत बसवत होती. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणावयास लावली, तिची खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. तरी ती मुलगी थांबली नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम पुन्हा पुन्हा केले आणि मग समाधानाने उठली. बाई त्या वेळी मोजत बसल्या होत्या, म्हणूनच लहान मुलाच्या एकाग्रतेचा हा पुरावा जगापुढे आला. गुणपत्रिकेच्या कोणत्या रकान्यात ही गोष्ट मावली असती?

आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये तेथे जाऊन त्यांच्या कार्यात सामील झाल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले व अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, हे या दोघींनी वस्तीत जाऊन पाहिले. मुले गुरे राखतात, हे दिसले तेव्हा शाळा कुरणावर गेली. मुले अंगणात खेळतात, हे दिसले तेव्हा बालवाडी अंगणात भरली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने व खडे आले. हे सारे नीट पाहण्यातून घडले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपणांस ज्ञात आहेच.

आता प्रत्यक्ष नोंद कशी करावयाची, ते पाहू. आमच्या पेढीवर पूर्वी तीन पायऱ्या असत : रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद. बालमंदिराच्या वहीतही याच तीन पायऱ्या आहेत.

रोजकीर्दीत जे घडले तेवढेच लिहावयाचे, मत लिहावयाचे नाही. "आज ती फार हट्टीपणाने वागली" ही नोंद नव्हे; तो शिक्षिकेचा शेरा झाला. नोंद अशी असावी : "सकाळी १० वाजून २० मिनिटे, वाळूचा हौद. पिवळी बादली दुसऱ्या मुलीकडे होती. हिने दोनदा मागितली, मग ओढली. बादली मिळाली नाही तेव्हा रडली. थोड्या वेळाने वाटी आणून त्याच मुलीच्या बादलीत वाळू भरू लागली. म्हणाली, 'तू धर, मी भरते.'" पहिल्या वाक्यातून मुलीवर केवळ शिक्का बसतो. दुसऱ्या नोंदीतून मात्र दिसते, की तिला आपली गरज शब्दांत सांगता येते, रागातून स्वतः सावरता येते, आणि वस्तू वाटून घेण्याचा मार्ग तिने स्वतःच शोधला. तारीख, वेळ, स्थळ, कृती आणि मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत. एवढ्या पाच गोष्टी आल्या की नोंद पूर्ण झाली.

महिनाअखेरीस या नोंदींची खतावणी करावयाची. शरीर व हातांची हालचाल, भाषा, विचारशक्ती, भावना व इतरांशी वागणे, आणि चित्र-गाणी अशी पाच खाती पुरतात. त्यासोबत मुलाची चित्रे मागे तारीख घालून जपून ठेवावीत. जूनमधील नुसत्या रेघोट्या, दिवाळीनंतरचा बंद गोल, आणि मार्चमध्ये त्याच गोलाला फुटलेले हातपाय व "ही आजी" असे सांगणे. ही तीन चित्रे शेजारी ठेवली की वर्षाचा ताळेबंद पालकांना वाचून दाखवावाही लागत नाही.

एवढे लिहिण्यास वेळ कोठून आणावयाचा, असे विचारले जाते. हिशेब सोपा आहे. वर्गात २४ मुले आहेत असे धरू. शिक्षिकेने रोज तीनच मुलांवर लक्ष ठेवून प्रत्येकी चार-पाच ओळी लिहिल्या, तर आठ दिवसांत सर्वांची पाळी येते. म्हणजे महिन्याला प्रत्येक मुलाच्या किमान दोन आणि दहा महिन्यांत वीस नोंदी होतात. वर्षातून दोनदा होणाऱ्या चाचणीपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

या वहीचा एक मोठा लाभ असा, की ती शिक्षिकेलाही आरसा दाखवते. दंगा करणाऱ्या मुलांची पाने लवकर भरतात आणि शांत मुलांची कोरी राहतात. ज्या खात्यावर महिनाभर उलाढाल नाही, त्याची जशी पेढीवर चौकशी होते, तशी कोऱ्या पानाची चौकशी झाली पाहिजे. मूल मागे आहे म्हणून नव्हे, तर आपली नजर त्याच्यापर्यंत पोहोचली नाही म्हणून.

यात किती मोठी गोष्ट पणाला लागलेली असते, याचे एक उदाहरण मला एका बालवाडीच्या शिक्षिकेने सांगितले. चार वर्षांचा एक मुलगा ऐकत नाही, लक्ष देत नाही, अशी सर्वांची तक्रार होती. नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा ध्यानात आले, की समोरून बोलले की तो उत्तर देतो. पाठीमागून हाक मारली की देत नाही. तपासणीत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्याचे आढळले. या वयात असे अनेक मुलांना होते आणि त्यामुळे ऐकू कमी येते. उपचार झाले, आणि त्याच्यावरील 'दांडगट' हा शिक्का आपोआप पुसला गेला. चाचणीत त्यास कमी गुण मिळाले असते, पण कारण कळले नसते.

अर्थात काही पथ्ये पाळली पाहिजेत. शिक्षिका डॉक्टर नव्हे. तिने निदान करू नये, शंका आल्यास पालकांशी एकांतात बोलून तज्ज्ञांकडे पाठवावे. एका मुलाची वही दुसऱ्या पालकाच्या हाती जाऊ नये, आणि मुलांची छायाचित्रे मोबाइलवरील गटांत सर्रास फिरवू नयेत. केवळ चुका टिपणारी वही ही तक्रारवही होते, ती टाळावी. आणि लिहिण्याच्या नादात मुलाला उचलून घेण्याचे राहून जात असेल, तर वही खुशाल मिटावी.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील लहान हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात. त्याच्याकडून पानेच्या पाने गिरवून घेणे आणि त्यास गुण देणे यात ज्ञानाचे मोजमाप होत नाही. आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे, की कापड ताणून मोजले तर माप जास्त भरते, पण पहिल्या धुण्यात ते आटते. परीक्षेसाठी ताणलेल्या बालकाचेही तसेच होते. यशपाल समितीने १९९३ मध्येच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती घेण्याची पद्धत बंद करावी, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. आणि त्यास अनुसरून ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आराखड्याने या टप्प्यासाठी परीक्षा हे साधन अयोग्य ठरवून निरीक्षण व मुलांच्या कामाचा संग्रह यांवर भर दिला आहे. तेव्हा आपल्या शिक्षिका काही जगावेगळे मागत नाहीत.

पालकांना कळेल कसे? दर तीन महिन्यांनी प्रत्येक पालकास पंधरा मिनिटे स्वतंत्र वेळ द्यावा. शिक्षिकेने दोन नोंदी वाचाव्यात आणि आईवडिलांनी, शक्य तर आजी-आजोबांनीही, घरातील एक गोष्ट सांगावी. वर्गात मुकी असणारी मुलगी घरी बाहुल्यांची शाळा भरवते, हे आजीखेरीज कोण सांगणार? तीही नोंद वहीत जावी. शंभरपैकी ऐंशी हा आकडा ऐकून पालक घरी जातो आणि शेजारच्या मुलाचा आकडा विचारतो; नोंद ऐकून जाणारा पालक आपल्याच मुलाशी बोलू लागतो.

शेवटी विश्वस्त मंडळास माझी तीन बाबतींत नम्र विनंती आहे. एक, बालमंदिरातील क्रमांकाची बक्षिसे या वर्षापासून थांबवावीत. दोन, एका वर्गात २४ पेक्षा अधिक मुले घेऊ नयेत आणि प्रत्येक वर्गास एक मदतनीस द्यावी. तीन, मुले घरी गेल्यानंतरची रोजची अर्धी घटका लेखनासाठी राखून ती शिक्षिकांच्या वेतनात धरावी. वह्यांचा खर्च नगण्य आहे. खरा खर्च शिक्षिकेच्या वेळेचा आहे आणि तो आपण मान्य केला नाही, तर ही योजना कागदावरच राहील.

पन्नास वर्षांत आपल्या समाजाने संस्थेला उदार हस्ते दिले आणि आपण प्रत्येक रुपयाची पावती फाडली, प्रत्येक पैशाची नोंद ठेवली. ही शिस्त आपल्या रक्तात आहे. तीच शिस्त आता या अंगणात खेळणाऱ्या प्रत्येक बालकाच्या वाट्याला यावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो. 

जय जिनेंद्र.