मिरवणुकीतली हेराल्ड आणि पीयूसीचा कागद
(चांदनी येथे गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांला बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही चाचरलोच. आम्ही काही व्याख्याते नव्हे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला आणि शासनाच्या पाणीपुरवठा खात्यात लागलो. हातपंप आणि नळाच्या लाइनी यांतच आमची वीस वर्षे गेली. पण सचिव म्हणाले, "तुमच्या गाडीची हकीकत सांगा, लोकांना ऐकायची आहे." मग आम्ही हो म्हटले, कारण त्या गाडीवर जितका आमचा हक्क आहे तितकाच तुमचाही आहे.

आमच्या नानांची हेराल्ड आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. १९५६ साली पंडित नेहरूंनी नेपाचा कागद कारखाना राष्ट्राला अर्पण केला. त्याच्या आगेमागे नोकरीच्या निमित्ताने आपल्यापैकी बऱ्याच घरांची वडीलधारी मंडळी या भागात आली. नानाही तसेच आले. पुढे बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांकडून त्यांनी १९६५ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड विकत घेतली. आई तेव्हा चार दिवस नानांशी बोलली नव्हती. पण त्याच वर्षी आपला गणपती त्या गाडीतून आला आणि आईचा राग गेला. तेव्हापासून आणायला हेराल्ड आणि विसर्जनालाही हेराल्ड, असा आपला रिवाजच पडला.

तरुण मंडळी विचारतात, "काका, ही स्पोर्ट्स कार आहे का?" खरे सांगायचे तर ती स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे. विलायतेत ट्रायम्फ कंपनीने हेराल्ड काढली. तिचा आकार मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाचा. त्याच हेराल्डची चासी आखूड करून, वर दोन माणसांपुरते उघडे अंग बसवून कंपनीने १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. आपल्याकडे हेराल्ड १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. इंजिन ९४८ सीसीचे. समोरचे सबंध बोनेट मडगार्डांसकट पुढे कलंडते, त्यामुळे चाकावर बसून इंजिनात हात घालता येतो. त्या सोयीपायीच आम्ही लहानपणी मिस्त्रीकाम शिकलो.

आता मुद्द्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वीच्या विसर्जनाची ही गोष्ट. मिरवणूक रेंगाळत चालली होती, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि मागे मुलींचे लेझीम. आरशात पाहतो तो दोन मुली पदर तोंडाला लावून कडेला उभ्या. थोड्या वेळाने दम्याच्या एका आजींना घरी न्यावे लागले. कोणी आम्हांला एका शब्दाने बोलले नाही. पण आम्हांला ते लागले. बाप्पाची गाडी म्हणून लोक जिच्यामागून श्रद्धेने चालतात, तिच्या मागे श्वास घेता येऊ नये, हे कसले पुण्य?

त्यातच गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे वर्ष आले. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. फिटनेस तपासतात आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषणाचे प्रमाणपत्रही मागतात. शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० झाले. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने 'व्हिंटेज' नोंदणीचा वेगळा नियम केला आहे. २०,००० रुपये भरले की दहा वर्षांची निश्चिंती. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. आम्हांला गाडी घरची म्हणूनच ठेवायची होती, म्हणून नेहमीचा मार्ग धरला.

पहिली अडचण मशीनपाशी जायच्या आधीच उभी राहिली. हल्ली पीयूसीचे काम संगणकावर 'वाहन' प्रणालीतून चालते. नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकले की गाडी दिसली पाहिजे. आमची गाडी जुन्या अक्षरी मालिकेतली, आणि तिची नोंद झाली तेव्हा बुऱ्हाणपूर जिल्हाच नव्हता. तो १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा झाला. नोंद जुन्या रजिस्टरातून संगणकावर चढवून घेण्यात आमच्या सुट्ट्या खर्ची पडल्या. ज्यांच्याकडे जुनी स्कूटर वा जीप आहे, त्यांनी ही नोंद आधी पाहून घ्यावी. आरसी बुकावरचा आणि चासीवरचा आकडा एकच आहे ना, हेही ताडून घ्यावे.

मग तपासणी. इंजिन मंद गतीवर चालू ठेवतात, नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि मशीन दोन आकडे देते. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचा, पीपीएममध्ये. २००० सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारीला मर्यादा आहे ३ टक्के आणि १,५०० पीपीएम. बीएस-४ गाडीला तीच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. म्हणजे कायदा आजोबांना नातवाच्या मापाने मोजत नाही. नव्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो हेराल्डला नाही. तिने पेट्रोल सिलिंडरमध्येच नीट जाळले पाहिजे, एवढीच कायद्याची अपेक्षा.

आमच्या गाडीचे आकडे आले ६.४ टक्के आणि १,९०० पीपीएम. दोन्हीकडे नापास.

तिथे एकाने आम्हांला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "साहेब, नळी दुसऱ्या गाडीत घालू आणि फोटो तुमच्या गाडीचा काढू. पाच मिनिटांचे काम." दुसरा म्हणाला, "सायलेन्सरला भोक आहे ना, ते बुजवू नका. बाहेरची हवा मिसळते, आकडा आपोआप खाली येतो." मंडळी, मोह झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण आम्ही पाण्याच्या खात्यातले. बोअरवेलच्या पाण्याचा नमुना नापास आला, म्हणून बाटलीत दुसऱ्या गावचे पाणी भरून पाठवले तर काय होईल, हे आम्हांला ठाऊक आहे. कागद पास होतो, पाणी मात्र तेच राहते आणि प्यायला गावातली मुलेच असतात. इथेही तेच. कागद आमच्या खिशात असता आणि धूर लेझीमवाल्या मुलींच्या छातीत.

तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि तीच आज सांगायची आहे. तपासणी मंद गतीवर का करतात, असे आम्हांला वाटायचे. रस्त्यावर गाडी थोडीच मंद गतीवर धावते? पण मिरवणूक आठवा. दोन-तीन तास गाडी जवळजवळ जागच्या जागी, इंजिन मंद गतीवर आणि पाठीमागे माणसे. मशीन जे मोजते तीच आपली मिरवणूक आहे. आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. काळा धूर दिसत नाही म्हणून गाडी शुद्ध, असे मुळीच नाही.

घरी येऊन आम्ही पहिली चूक केली. कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पिळून पेट्रोल कमी केले. पुन्हा तपासले तर मोनॉक्साइड २.६ वर उतरले, पण हायड्रोकार्बन २,४०० वर चढले. आमचा थोरला भाऊ हसून म्हणाला, "ताप उतरावा म्हणून तू पोराला उपाशी ठेवलंस." तो बरोबर बोलला. मिश्रण फार पातळ झाले की इंजिन मधूनच ठोका चुकते आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. दोन आकडे आहेत ते यासाठीच. एकाला फसवले की दुसरा बोलतो.

मग शहाण्यासारखे क्रमाने घेतले. आधी इंजिन, मग ठिणगी, शेवटी पेट्रोल. टॅपेट फीलर गेजने लावले, कॉम्प्रेशन पाहिले, ते चारही सिलिंडरांत सारखे निघाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. कॉन्टॅक्ट पॉइंट झिजले होते ते बदलले, प्लग नवे घातले, टायमिंग लावले. एअर फिल्टर पाहिला तर त्यात कापसाच्या दिवसांतली सगळी धूळ. पेट्रोलच्या रबरी नळ्या मऊ पडल्या होत्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही. नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घातल्या. सायलेन्सरचे भोक वेल्डिंगने बुजवले.

तरीही गाडी पेट्रोल जास्तच पीत होती. शेवटी कार्ब्युरेटर उघडला. आत पितळी फ्लोट असतो. पेट्रोलवर तरंगून तो पातळी राखतो, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. तो कानाशी धरून हलवला तर आतून खळखळ. गरम पाण्यात बुडवला तर बारीक बुडबुडे. सुईच्या टोकाएवढे भोक, त्यातून आत पेट्रोल भरलेले, म्हणून फ्लोट जड, म्हणून पातळी वर, म्हणून इंजिनला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल. आयुष्यभर आम्ही गावोगावच्या टाक्यांचे बॉलकॉक दुरुस्त केले आणि घरच्या गाडीतला ओळखला नाही! आतले पेट्रोल काढून फ्लोट सुकवला आणि ओळखीच्या सोनाराकडून अगदी पातळ डाग लावून घेतला. डाग जाड झाला तर फ्लोटचे वजन वाढते आणि मूळ दुखणे पुन्हा येते.

तपासणीच्या दिवशी गाडी आधी असीरगडाच्या रस्त्याला फिरवून आणली. थंड इंजिन नेऊन उभे करू नये, हा जुन्या गाडीचा पहिला नियम. चोक पूर्ण आत गेला आहे ना, तेही पाहिले. नाना शेजारच्या सीटवर बसले होते. मशीनने आकडे दिले २.१ टक्के आणि ६२० पीपीएम. नानांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "साठीत पास झाली." एवढेच बोलले. परत येताना त्यांनी बुऱ्हाणपुरात मावा जलेबी घ्यायला लावली.

भाषणाआधी एका चिरंजीवांनी विचारले की, गोव्यात बनत असे त्या सॅन स्टॉर्मचे काय? तीही आता जुन्या गाड्यांत जमा होत चालली आहे. दोन माणसांची, फायबरग्लासच्या अंगाची, आत रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन. तिला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. म्हणजे तिथे स्क्रू पिळायची सोय नाही, सेन्सर आणि वायरिंग तपासावे लागते. आणि मर्यादा कोणती लागेल, ते गाडी कोणत्या साली बनली यावर. पण क्रम तोच: इंजिन, ठिणगी, पेट्रोल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेराल्ड नसेल, पण ओट्याखाली जुनी चेतक नक्की असेल. २००० सालापूर्वीच्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम आहे. जुन्या गाडीचे पीयूसी सहा महिन्यांचे असते, ते संपू देऊ नये. त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाचे भय हे खरे कारण नव्हे. खरे कारण आपल्या गाडीमागून चालत असते.

शेवटी मंडळाला एक विनंती. यंदापासून लेझीम गाडीच्या पुढे असावे, मागे नको. आरतीसाठी मिरवणूक थांबली की आम्ही इंजिन बंद करू. आणि दरवर्षी गणपती आणायच्या आधी हेराल्डचा ताजा पीयूसीचा कागद आम्ही सचिवांच्या हाती देऊ. ज्या वर्षी गाडी पास होणार नाही, त्या वर्षी बाप्पा हातगाडीवरून येतील आणि हातगाडी आम्ही ओढू. त्या दम्याच्या आजी आज समोर बसल्या आहेत. त्यांनी यंदा विसर्जनापर्यंत आमच्याबरोबर चालावे, एवढेच मागणे.



गणपती बाप्पा मोरया!